मानपाड्यात एकच भोपळा सहा वेळा विकल्याबाबत

नाव मंजुळा चांगदेव साळवे, वय ५४, धंदा पोळीभाजी केंद्र, राहणार मानपाडा, डोंबिवली पूर्व. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

आमच्या वस्तीत मुलांची अभ्यासिका आहे. माझी मुलगी रचना तिथेच भरतीचा अभ्यास करते, कारण घरी एका खोलीत पाच माणसे आणि टीव्ही. उद्या सोमवारी वीस हजार भाडे न दिल्यास मालक कुलूप लावणार होता. म्हणून आज सकाळी अकरा वाजता आम्ही अभ्यासिकेच्या पत्र्यावर धरलेल्या भोपळ्याचा लिलाव ठेवला. माईक माझ्याकडे होता. माझ्यापुढे वस्तीत कोणाचा आवाज चालत नाही.

बोली जिंकणाऱ्याने पैसे द्यायचे आणि भोपळा परत ठेवायचा, म्हणजे पुन्हा बोली लागते, ही आमची गावाकडची रीत. बाबुराव राणे यांनी दोनदा घेतला, गॅरेजवाले रफिकभाई यांनी तीनदा. दोघांची खुन्नस चालली होती, पण हसत हसत. सहाव्यांदा समोरच्या बिल्डिंगमधील नर्स करिश्मा नायर यांनी अकराशेला घेतला आणि भोपळा काखोटीला मारून सरळ घरी निघाल्या.

मी माईकवर ओरडले, "अगं ए, भोपळा ठेव!" रफिकभाई "मॅडम, भोपळा!" करत धावले, त्यांच्यामागे वीसेक माणसे. बाई पळाल्या, दार लावले आणि पोलिसांना फोन केला. त्यांचे काही चुकले नाही. मीही तेच केले असते. पोलिसांनी दार उघडायला लावले तोवर अर्धा भोपळा चिरून झाला होता. "घाबरले की मी काहीतरी चिरत बसते," असे त्यांनी सांगितले.

इथे बाकावर त्या रडल्या आणि त्यांनी मला विचारले, "काकू, परत द्यायचा असतो हे मला कोणी सांगितलं का?" कोणी सांगितले नाही. त्या आठ महिने समोर राहतात आणि आम्ही त्यांचे नाव आज बोलीच्या वेळी विचारले. याची मला लाज वाटते.

अजून पंधराशे कमी होते आणि चिरलेल्या भोपळ्याला कोण बोली लावणार? तेव्हा साहेबांच्या टेबलावरचा उरलेला अर्धा करिश्मा यांनी उचलला, "पंधराशे" म्हणाल्या, पैसे दिले आणि भोपळा माझ्या मांडीवर परत ठेवला. "आता बरोबर केलं ना?"

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले. त्यातला "रडल्या" हा शब्द मी आधी खोडायला सांगितला होता. राहू द्या, खरा आहे.