रिकाम्या टँकमधला सत्कार

(रविवारी सकाळी, मोबाइलवरचे मेसेज. स्वप्नील जळगावात, कोकिळा धुळ्यात.)

स्वप्नील : तुला लिहिणारच नव्हतो हे. टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. मग वाटलं, दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू मला सोडणार नाहीस.

कोकिळा : नानांना काही झालं का

स्वप्नील : तब्येत ठणठणीत आहे. सत्काराचं सांगतोय. काल झाला.

कोकिळा : माहितीय. फ्लेक्सचा फोटो आला ग्रुपवर. वॉटरपोलोचे भीष्माचार्य झुलाल नाना, जन्मभर खेळले, जन्मभर शिकवलं वगैरे. मला कुणी बोलावलं नाही. त्यामुळे कौतुक राहू दे.

स्वप्नील : कौतुक नाही गं. सत्कार आपल्या पोहण्याच्या टँकच्या आत झाला. पाणी काढून टाकलं.

कोकिळा : स्वप्न्या सकाळी सकाळी काय घेतलंयस

स्वप्नील : फोटो टाकू? डीप एंडला स्टेज. खाली लाल कार्पेट. आपल्या गोलपोस्टला झेंडूच्या माळा.

कोकिळा : नको टाकू.
कोकिळा : टाक.
कोकिळा : अरे देवा. हे कुणाचं डोकं?

स्वप्नील : प्रेमराजभाऊंचं, सत्कार समितीचे अध्यक्ष. म्हणे ज्या जागेनं माणूस घडवला त्याच जागेत मान द्यायचा. नानांना सरप्राइज द्यायचं होतं, म्हणून टँक साफ करायला घेतलाय असं सांगून नानांच्या टीमच्या पोरींना सुट्टी दिली. पाणी पंप लावून गटारीत सोडलं. मंडप आपल्या नवलचा. त्यानं विचारलं होतं, भाऊ, सगळं पाणी काढायचं? त्याला म्हणाले तू खांब रोव.

कोकिळा : आणि तू?

स्वप्नील : मी सूत्रसंचालन. कोरा कुर्ता घालून संध्याकाळी पोचलो, कठड्यावरून खाली पाहिलं आणि तिथंच थिजलो. लोक फरशीच्या उतारावर बसलेले. मागच्या रांगेच्या खुर्च्या हळूहळू पुढच्यांच्या अंगावर चाललेल्या. धुरपदाबाई नगरसेविका दोन्ही पाय रोवून बसल्या होत्या.

कोकिळा : हसवू नको. नाना कसे आले?

स्वप्नील : रिक्षानं, मेहरूणच्या घरून. इस्त्रीचा पांढरा शर्ट. ढोल वाजला. दोघांनी हात धरून कठड्यापर्यंत आणलं. शॅलो एंडला लाकडी जिना लावला होता, तिथून उतरवायचं होतं. त्यांनी खाली पाहिलं आणि थांबले. मला वाटलं गहिवरले. मी माइकवर बोललो पण तसं, नाना गहिवरलेत. अजून कानात घुमतंय माझ्याच.

कोकिळा : मग?

स्वप्नील : म्हणाले, मी खाले नही उतराव. जनमभर पोरेस्ले सांगेल शे, तठे पाय टेकाना नही.

कोकिळा : तळाला पाय टेकायचा नाही. आम्हाला रोज सांगायचे.

स्वप्नील : लोक हसले. त्यांना वाटलं नाना गंमत करतायत.

कोकिळा : गंमत नाही ती. खेळताना तळाला पाय लागला की फाउल. मी गोलकीपर, गोलकीपरला नियमात चालतं, तरी मला त्यांनी कधी टेकू दिला नाही. दमून बुडायची वेळ आली तरी नाही. पाण्यात उभं राहायचं म्हणायचे, जमिनीवर काय कुणीपण उभं राहतं.

स्वप्नील : ते कठड्यावरच राहिले. पाहुणे खाली, नाना वर. शाल खालून वर पोचवली. नारळ नवलनं शिडीवर चढून दिला. अर्धं भाषण प्रेमराजभाऊंनी मान वर करून केलं. शेवटी नानांच्या हातात माइक दिला. एकच विचारलं त्यांनी. पाणी कव्हय भरशात?

कोकिळा : कधी भरणार आहेत?

स्वप्नील : तेच तर. कुणालाच माहीत नाही. प्रेमराजभाऊ म्हणाले बघू नाना, आज आनंदाचा दिवस आहे. मागून चौकशी केली तर कळलं, गावाला प्यायला पाणी पुरत नाही, मे महिना आहे, टँक भरायची परवानगी पाऊस पडल्याशिवाय मिळणार नाही.

कोकिळा : निवड चाचणी पुढच्या आठवड्यात आहे ना तुमच्या पोरींची

स्वप्नील : हो. रत्ना कठड्यावर नानांच्या शेजारी बसून रडत होती. यंदा तिचं नक्की होतं. असोद्याहून रोज पहाटे मोटरसायकलवर येते बापासोबत. नाना तिला म्हणाले घर जाय. आणि शाल तिथंच ठेवून चालत निघाले. रिक्षात बसले नाहीत.

कोकिळा : मला अजून खरंच वाटत नाही हे. सत्कार केला आणि कामच बंद केलं माणसाचं.

स्वप्नील : म्हणून तुला लिहिलं.

कोकिळा : पोरींना इकडे आण. आमच्या टँकला पाणी आहे. मी बोलते इथं, संध्याकाळची वेळ मिळेल. माझ्या घरी राहतील सगळ्या, सासूबाईंना चालतं.

स्वप्नील : पोरी आज निघतील. नानांचं काय?

कोकिळा : नानांशिवाय रत्ना उभी राहणार नाही पाण्यात.

स्वप्नील : तुला माहितीय ते धुळ्याचं नाव काढू देत नाहीत.

कोकिळा : माझं नाव काढू देत नाहीत, स्पष्ट बोल ना. लग्न होऊन इकडे आले, इथल्या पोरींना शिकवलं, आणि पहिल्याच वर्षी त्यांची टीम हरली माझ्याकडून. मी पाया पडायला गेले तर पाय मागे घेतले. त्यानंतर एक शब्द नाही.

स्वप्नील : मग?

कोकिळा : मग माझं सांगू नको. सांग कुणीतरी सोय केलीय. मी येणारच नाही त्या वेळेला टँकवर. चावी ठेवून जाईन.

स्वप्नील : नाही.

कोकिळा : स्वप्न्या, पोरींचं बघ. माझं राहू दे.

स्वप्नील : काल एकदा त्यांना न सांगता नेलं सगळ्यांनी. मी नाही नेणार तसं. आत्ता मेहरूणला जातो. आधी तुझं नाव सांगेन, मग बसचं. दार लावलं तर ओट्यावर बसून राहीन.

कोकिळा : आणि नाहीच म्हणाले तर?

स्वप्नील : तर परत सांगेन. तू चावी ठेवून जाऊ नको कुठं. कठड्यावर थांब. मी घेऊन येतो त्यांना, कोकिळा. शब्द देतो.