तोंडातून काढू नये तो शब्द

मी मूळची चांदूर बाजारची. तिथं माह्या बापाचं बांगडीचं दुकान, दुकान म्हंजे काय तर आठवडी बाजारात एक तरट अन् त्याच्यावर माळा टांगलेला बांबू, पण बाप त्याले दुकानच म्हणे, मंग आमीबी दुकानच म्हणो. आमी कासार. नाव माहं गया. अक्षरवळख नाई मले, पण हात वळखतो मी, काय सांगू तुमाले ताई, बाईनं हात माह्या हातात देला की समजते, ही सकाळपासून भाकरी थापून आली का धुणं धुऊन आली, का नुसतीच बसून राहिली. माह्या मायनं शिकवलं हे. माय म्हणे, आंगठा आत दाब, हाताची हाडं गोळा कर अन् बाईले बोलती ठेव. बोलती बाई हात सैल सोडते. मुकी बाई हात आखडते अन् मंग बांगडी वाढते.

वाढते म्हंजे समजलं ना तुमाले? तडकते. पण तो दुसरा शब्द आमी तोंडातून काढत नाई. बाई आमच्यापुढं चुडा भराले बसते, संसारासाठी बसते, तिच्यापुढं वंगाळ शब्द कसा काढाचा. मरणाचं नाव नाई, रांडपणाचं नाव नाई, आजारपणाचंबी जपून. बांगड्याइची टोपली खाली ठेवली की तोंडाले कुलूप. लगन होऊन मी दर्यापूरले गेली तर तिथं माही सासू, मथुराबाई, ती तर या बाबतीत माह्या मायच्यावर कडी. एक डाव माह्या तोंडून निघून गेलं, सासूबाई, हिरवी फुटली, तर चार बायाइच्या समोर मले चूळ भराले लावली. मी नवी नवरी. असं वाटलं की धरणी माय पोटात घेईन तर बरं.

भेव वाटे मले तिचं. उंच बाई, आवाज असा की एका गल्लीत बोलली तर दुसऱ्या गल्लीतल्या बाया हात धुऊन बसत. माहा नवरा गरीब माणूस, तो आईच्या समोर हू नाई की चू नाई.

मंग माहं पयलं पोरगं झालं. नामदेव. दोन वर्साचा झाला अन् पोळ्याच्या आठ दिवस आधी ताप आला, तो तापच त्याले घेऊन गेला. त्याचं लय नाई सांगत मी. गेला. लोकं आले, बसले, गेले, अन् मंग घरात त्याचं नावच कोणी घेईना. मले वाईट वाटू नये म्हणून घेईना हो, दुसरं काई नाई, नवऱ्यानं त्याची झबली कुठी ठेवली तेबी मले सांगतलं नाई. सारे मले जपून राहिले होते अन् मी आतल्या आत सुकून राहिली होती. काम करो, भाकर खाओ, पण मनात एकच, की आपणबी जावं. ते कोणाले सांगावं? सांगतलं तर म्हणतीन, पाहा कशी अभद्र बोलते, कासाराच्या घरची असून.

तवा फिरोजाबादचा माल पेट्यातून ये, तणसात, म्हंजे सुक्या गवतात, बांधलेला. अंगणात उन्हात बसून आमी सासू-सुना तो निवडो. दोन बांगड्या एकमेकीवर हळूच वाजवाच्या, साबूत असली तर खणकन वाजते, तडा असला तर बद्द. सासू वाजवून राहिली होती अन् मी घेऊन राहिली होती. मधीच तिचा हात थांबला. म्हणे, गया, मराचं येते काय तुह्या मनात?

असं, सरळ. टोपली समोर, माल समोर, अन् ज्या बाईनं मले चूळ भराले लावली ती हे बोलली. मी जी रडली, जी रडली, नामदेव गेला त्या दिवशी रडली नोती तेवढी रडली. तिनं उगी राह्य म्हटलं नाई, पदर देला. रडणं सरल्यावर म्हणे, आता सांग, काय काय येते मनात. म्या सारं सांगतलं. तिनं पेटी बाजूले सारून ऐकलं. मंग म्हणे, तुहा सासरा गेला तवा माह्याबी मनात हेच ये, वर्सभर ये. माह्या जेठानीनं, थोरल्या जावेनं, मले इचारलं होतं, म्हणून मी तुले इचारून राहिली. उद्यापासून माह्यासंग फेरीले चाल, घरी एकटी राहाचं नाई.

ते काई एका दिवसात गेलं नाई ताई. पण सांगतल्यावर ते माह्या एकटीचं राह्यलं नाई, एवढं खरं. अन् सासू त्याच्या बादही मले बोलेच, सयपाकावरून बोले, हिशोबावरून बोले, पण माहं भेव गेलं ते गेलंच.

पुढं सासू गेली, म्हातारी होऊन गेली, अन् आमी नामदेवाच्या पाठची पोरगी घेऊन दर्यापूर सोडून अकोल्याले आलो. जठारपेठेत माही फेरी. वकिलाइची, मास्तराइची, भटजीइची घरं. तिथल्या बाया शुद्ध बोलत, माह्या बोलण्याले हसत, मीबी त्यायच्या बोलण्याची नक्कल करून दाखवो, असं आमचं चाले. त्याच्यात एक कुसुमताई. वकिलाच्या घरची सून, अमरावतीचं माहेर, चांगली शिकलेली. सातव्या महिन्यात तिले हिरवा चुडा मीच भरला. एवढी हसे ती पोरगी की बांगडी भरता भरता माहाच हात हाले. मंग बाळंतपणाले माहेरी गेली, पोरगी झाली, नाव ठेवलं सुधा.

श्रावणात मी गेली तर कुसुमताई परत आलेली. ओसरीवर बसली, हात पुढं केला. गोरी बाई, बाळंतीण, हाताले सूज होती अन् माप लहान, बांगडी घासून घासून जाऊन राहिली होती, दुसरी बाई असती तर ओरडली असती. ही काई नाई. जसा हात तिचा नाईच. पाळण्यात पोरगी रडे, तिकडंबी पाहे ना. दोन बांगड्या भरल्या अन् म्हणाली, पुरे मावशी. आत जाऊन एक डबा घेऊन आली, तिच्या जुन्या काचेच्या बांगड्या, एकदम नव्यासारख्या, जपून ठेवलेल्या. म्हणाली, या तुमच्या मुलीला द्या, मला आता लागायच्या नाहीत.

अन् मी काय केलं सांगू? म्या तिले दाटलं, रागावली तिच्यावर. म्हटलं, अशी वंगाळ गोष्ट टोपलीपुढं बोलू नये, तोंडात साखर घाला. तिनं मान खाली घातली, चूक झाली म्हणाली, अन् आत गेली. मीबी टोपली उचलून निंघाली. इतके वर्स सासूसंग राहून मी शिकली काय तर तिचं चूळ भराले लावणं, अन् दुसरं जे शिकाचं ते इसरली.

पुढच्या गल्लीत एका मास्तरणीच्या हातात बांगडी घालून राहिली होती, अर्धी गेली अन् माहा हात थांबला. डोक्यात तेच, लागायच्या नाहीत म्हणाली. काहून लागायच्या नाहीत? मास्तरणीले म्हटलं, बाई, टोपली राहू द्या तुमच्याजवळ, मी आली. कासारीण परक्या घरी टोपली टाकून जात नाई कधी. मास्तरीण म्हणे, अवो हातात अर्धी आहे ना! म्हटलं, राहू द्या.

रस्त्यानं मले भेव सुटलं. आपण इचारलं अन् तिच्या मनात नसलं तर? आपल्या इचारल्यानंच मनात आलं तर? सारे हेच म्हणत ना, नाव घेऊ नये. मंग म्या माहंच आठवलं, की सासूनं इचारलं तवा काय झालं होतं. वाढलं होतं का हलकं झालं होतं? हलकं झालं होतं.

ती मधल्या खोलीत एकटी बसली होती. पोरगी झोपली होती. मी तिच्याजवळ खाली बसली, तिचा हात घेतला, अन् म्हटलं, कुसुमताई, मघा मी तुमाले दाटलं ते माहं चुकलं. खरं सांगा, मरून जावं असं येते काय मनात?

तिनं माहा हात घट्ट धरला. मंग म्हणाली, हो मावशी. रोज येतं.

अन् मंग बोलत गेली. म्हणाली, मला काहीच कमी नाही हो, हे चांगले आहेत, सासूबाई चांगल्या आहेत, मुलगी अशी सोन्यासारखी, आणि मला तिच्याकडे बघून काहीच वाटत नाही, मी कसली आई, माझ्यावाचून तिचं भलं होईल. माह्या जिभेवर आलं होतं की अवो तुमाले काय कमी हाये, माहं तर पोरगं गेलं होतं. पण म्या जीभ चावली. कारण ते ती सोताच सोताले रोज म्हणून राहिली होती, अन् त्याच्यानंच तर खचली होती. मले तिचं दुःख समजलं नाई, खरं सांगतो, आजबी पुरं समजत नाई. पण ऐकाले समजाच लागते असं थोडंच हाये. म्या ऐकलं. मंग माहं सांगतलं, नामदेवाचं, सासूचं. ती म्हणाली, मग गेलं का ते तुमचं? म्हटलं, हळूहळू गेलं, एकटीनं नाई गेलं. मंग म्हटलं, मी तुमच्या मालकाले सांगतो, चालीन? नाई नाई म्हणाली आधी. मंग म्हणाली, तुम्ही इथे असाल तर सांगा.

मी बसली. मास्तरणीचा हात तसाच, टोपली तिकडंच, अन् मी कोर्टातून तिचे मालक, वकीलसाहेब, येईपर्यंत तिथंच. त्यायले सांगतलं तर माणूस पांढराफटक पडला, पण तिच्याजवळ जाऊन बसला, एक शब्द वाकडा नाई. तिची सासू मात्र भडकली. कासारणीनं घरात येऊन असं अभद्र बोलावं? पुन्हा या घराची पायरी चढू नको म्हणाली. अन् त्या गल्लीतल्या दोन-चार घराइनंबी मले बलावणं बंद केलं. वाईट वाटलं मले, झूट काहून बोलू. घरी येऊन रडली मी. पण मनात हेबी होतं की बोलली ते बरं केलं.

पंधराक दिवसानं वकीलसाहेब सोता माह्या घरी आले. डॉक्टरणीकडं नेलं होतं कुसुमले. डॉक्टरीण म्हणाली होती, हा आजार हाये, काई बायाइले बाळंतपणाबाद होते, आईपणात खोट नाई, औषध घ्या, झोप घ्या, एकटीले ठेवू नका, अन् तिले बोलू द्या. वकीलसाहेब म्हणाले, ती तुमची वाट पाहते, अन् आईनंही बोलावलं आहे. म्हातारीनं माफी काई मागितली नाई, पण माह्यासाठी चहा सोता केला, अन् त्या घरात म्हातारी सोता चहा करे म्हंजे काय ते जठारपेठेत कोणालेबी इचारा. मंग मी दर मंगळवारी जाओ. बांगड्या भराच्या असो का नसो. एखाद्या दिवशी कुसुमताई लय बोले, एखाद्या दिवशी नुसती बसे, मी शेंगा फोडत बसो. दिवाळीच्या आसपास एक दिवस पोरीनं तिचं नाक धरलं अन् ती हसली. मी अन् म्हातारी, आमी एकमेकीकडं पायलं नाई, पायलं असतं तर दोघीबी रडलो असतो.

आता सुधा शाळेत जाते, पाटीवर माहं नाव लिहून दाखवते, मले वाचता येत नाई म्हणून काईबी लिहिते अन् गया म्हणून सांगते, लबाड, कुसुमताईनं पकडलं तिले. कुसुमताईचे दिवस सारेच चांगले नाईत. एखादा वंगाळ येते. पण आता मले इचारा लागत नाई. ती सोता येते, दारातून म्हणते, मावशी, आज तसा दिवस आहे. मी म्हणतो, ये, बस.

अन् परवाची गंमत सांगतो तुमाले. दोन दिवस मी फेरीले गेली नाई, कोणाशी बोलली नाई, गालाले पदर लावून पडली होती. कुसुमताई आली, दार लोटलं, माह्याजवळ खाली बसली, माहा हात आपल्या हातात घेतला अन् मले म्हणते, मावशी, खरं सांगा, जिवाचं काही वाईट येतंय का मनात? म्या म्हटलं, अवो नाई व माय, दाढ दुखून राहिली. आमी दोघी एवढ्या हसलो की दाढ अजून ठणकली. पण ती गेल्यावर माह्या डोळ्याले पाणी आलं, अन् ते दाढेचं नोतं. इचारलं ना तिनं मले. सरळ इचारलं, न लाजता, न भेता. म्हणून सांगतो ताई, देवानं साऱ्याइचं भलं करावं, अन् ज्याचं भलं कराले त्याले उशीर होऊन राहिला, त्याच्या दारात तवर एखादी कुसुम धाडावी.