बारा वाजता या

मी मूळची आणे गावची, पठारावरची, आन लग्न करून जुन्नरला आले तवापासनं या शाळेच्या भिंतीकडंला मेथी-कोथिंबीर विकतीय. काय सांगू तुमाला भाऊ, आमच्या पठारावर पाण्याची बोंब, त्यामुळं झाड लावायचं ते इचार करूनच. माझा बाप भर दुपारी रानात फिरायचा, गुरं कुठं थांबत्यात, बाया भाकरी खायला कुठं बसत्यात ते बघायचा, तिथं दगड ठेवायचा, आन पाऊस पडला की दगडाच्या जागी कडुलिंब लावायचा. शाळेत गेला नव्हता, पण अक्कल व्हती.

आन हितले नगरपालिकेचे सायेब! गावात झाडं लावायची ठरली, तर टेप घिऊन आले सकाळी आठ वाजता. भिंत आमच्या उगवतीला, आठ वाजता तिची सावली पार रस्त्यापत्तुर. सायेब म्हनतो मावशी, हितं तर मस्त सावली हाय, हितं झाड कशाला. मी म्हनलं सायेब, बारा वाजता या, हीच भिंत तव्यासारखी तापती. तर म्हनतो बारा वाजता मीटिंग असती. आन लिवलं कागदावर, सावली आहे. झाडं लावली सगळी नव्या रस्त्याला, जिथं कुत्रंसुदिक बसत न्हाई.

चार-पाच वर्सांत तिथली झाडं सावली द्याया लागली, आन त्याच उन्हाळ्यात हितं माझ्या शेजारी कांदं विकायची ती शेवंताक्का बसल्या जागी कलंडली. भर दुपार. तोंडावर पाणी मारलं, पदरानं वारा घातला, दवाखान्यात नेलं, काय उपेग झाला न्हाई. लोक म्हनले वय झालं व्हतं. वय कसलं राव, उन्हानं मारली तिला, उन्हानं आन त्या कागदानं! मला लई संताप आला, अजून येतो.

तेरावं झालं आन तिच्या जागेवर मी दगड ठिवला, बापासारखा. पाऊस पडल्यावर आण्यावरनं भावानं कडुलिंबाचं रोप आनून दिलं, ते लावलं. सायेब आला, सकाळचाच, म्हनतो परवानगी कुनाची. मी म्हनलं शेवंताक्काची. उपटायचं आसंल तर बारा वाजता येऊन उपटा. अजून आला न्हाई.

रोप आता माझ्या कमरंला लागतंय, भाजीवर शिपडून उरलेलं पानी त्यालाच. माझी हाडं आता थकली, त्याची सावली मला काय मिळायची न्हाई. पुढं जी कोन पोरगी हितं बसंल तिला मिळू दे. आन देव त्या सायबालाबी लई आयुष्य देवो, रिटायर झाल्यावर भाजी घ्यायला तरी तो एकदा हितं बारा वाजता येऊ दे.