ऐंशी पाव आणि बाराशे कोंबड्या

"पांढऱ्या पायाची निघाली गं, तेओदोरा! सून घरात आली आणि कोंबड्या पटापट मरायला लागल्या!"

हे मी ऐकायचं नव्हतं. पण तुम्हीच सांगा, कोठीघराची भिंत ही अशी पापुद्र्याएवढी, पलीकडे सासूबाई फोनवर बहिणीशी बोलतायत... बोलतायत म्हणजे काय, तेओदोरामावशी चार गावं पलीकडे राहते, तिला फोनशिवायसुद्धा ऐकू गेलं असतं... आणि अलीकडे मी, हातात काकडीच्या लोणच्याची बरणी. कान काय खुंटीला टांगून ठेवू? ऐकलं. सगळं ऐकलं. आणि केलं काय? बरणी फळीवर ठेवली, झाकण घट्ट आहे ना ते दोनदा पाहिलं. मी काही बोलले नाही.

तुम्ही म्हणाल, ही बाई घडाघडा बोलतेय आणि वर म्हणते, मी बोलले नाही! अहो, तिथे बोलत नाही म्हणून तर इथे बोलतेय! माझं माहेर बेकरीचं. वडील ओरडतात, भट्टी धडधडते, गिऱ्हाइकं भांडतात. त्या घरात ऐकणारं माणूस एकच, ते मी. लग्न होऊन अकरा दिवस झालेत, आणि सासरची माणसं रादेकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अजून हळूच विचारतात, "हिला बोलता येतं ना रे?"

तर कोंबड्या. बाराशे. एकाच शेडमध्ये. आणि सासऱ्यांचं, झेनोनरावांचं, एकच वेड: अँटिबायोटिकचा थेंबही नाही! फाटकावर तशी पाटी, आणि वॉर्सोचं एक दुकान त्यांच्या प्रत्येक कोंबडीच्या पाकिटावर हिरवा स्टिकर लावतं. त्या स्टिकरसाठी माणूस चार वर्षं झिजलाय. ऐन लग्नाच्या जेवणातून माझ्या आत्याला उठवून शेडमध्ये घेऊन गेले, बिचारीच्या पायात साटीनचे बूट! "श्वास घ्या," म्हणाले, "खोल घ्या. येतो औषधाचा वास?" आत्याला काय काय वास आला ते ती अजून सांगते, औषधाचा मात्र नाही. पण यात एक मेख आहे. पाणी सगळ्यांना एकाच टाकीतून. म्हणजे एकीला औषध दिलं की बाराशे जणींना दिलं, आणि बाराशे जणींचा स्टिकर गेला!

आणि त्या मरायला लागल्या. पहिल्या दिवशी चार. दुसऱ्या दिवशी अकरा. मग एकोणतीस! आदल्या संध्याकाळी धडधाकट कोंबडी सकाळी पाय वर करून पडलेली, उरलेल्या पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेल्या, जणू सगळ्यांनाच कुणीतरी अपमान करून जेवणातून उठवलंय... झेनोनरावांनी पाण्यात लसूण घातला. मग व्हिनेगर. मग कसलासा पाला उकळून त्याचा काढा. शेडला असा वास यायला लागला की कोंबडी मेली काय आणि शिजली काय, मसाला तयार! तेओदोरामावशीने फोनवरून सुचवलं, पाद्र्यांना बोलवा, पवित्र पाणी शिंपडा. तेही झालं. पाद्री शिंपडत पुढे गेले आणि त्यांच्यामागे दोन कोंबड्या आडव्या झाल्या. आणि प्रत्येक मेलेल्या कोंबडीमागे सगळ्यांची नजर कुठे? माझ्या पायांकडे! मी लोकरीचे मोजे घालायला लागले. भर जूनमध्ये! पण मी काही बोलले नाही.

आता मध्येच पावाचं सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. आमच्याकडे पाव टाकत नाहीत. जमिनीवर तुकडा पडला तर उचलून आधी ओठाला लावायचा, मग काय ते. आणि माझे वडील पडले बेकरीवाले, एकुलत्या एक मुलीचं लग्न... त्यांनी ऐंशी पाव आणले. राय धान्याचे, काळपट, आंबूस, दोन-दोन किलोचे धोंडे, प्रत्येकावर सुरीने कोरलेला क्रूस. पाहुणे किती? एकशेवीस! समोर डुकराचं भाजलेलं मांस, हेरिंग मासे, पाच तऱ्हेचे केक आणि वोदका असताना पाव कोण खाणार? आठ संपले. उरले बहात्तर. वडील निघताना सासूबाईंचे हात हातात घेऊन म्हणाले, "बोझेनाताई, लेक आणि पाव दोन्ही तुमच्या पदरात." सासूबाईंनी डोळे पुसले आणि पावांकडे पाहिलं. मग पुन्हा पुसले.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी भल्या पहाटे उठले, बेकरीची सवय, जात नाही. अंगणात पाहते तर सासूबाई कपड्यांच्या जुन्या टबात पाव भिजवतायत. मग बादल्या भरून शेडकडे. एक, दोन, तीन... चौथ्या बादलीला त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. त्या हसल्या, मी हसले. मला वाटलं, असेल इथली रीत. रोज पहाटे टब, रोज पहाटे बादल्या. मी बेकरीतली मुलगी, कोंबडीच्या पोटातलं मला काय कळतंय? मी काही बोलले नाही.

कळलं ते काल. जनावरांचे डॉक्टर आले, वितोल्ड म्हणून. उंच, कंटाळलेले, चहात चार चमचे साखर घालणारे. व्हरांड्यात पाटावर एक मेलेली कोंबडी ठेवून त्यांनी उघडली आणि सगळ्यांना बोलावलं. "हे बघा आतडं. फुग्यासारखं फुगलंय, आणि आतून? खरखरीत. जुन्या टॉवेलसारखं."

सासूबाईंनी वाळत घातलेल्या टॉवेलांकडे पाहिलं, त्यांना ते लागलं.

"म्हणजे साथ!" सासरे म्हणाले. "बाहेरून आली!" आणि सगळे बघतायत कुठे? बरोबर. मोज्यांकडे.

"बाहेरून कशाला येईल?" डॉक्टर म्हणाले. "हा जंतू कोंबडीच्या पोटात असतोच, थोडाफार, कोपऱ्यात गुपचूप राहतो. एखाद दिवशी त्याच्या सोयीचं खाणं पोटात आलं की माजतो. झेनोनराव, खाद्य बदललंत?"

"नाही!" सासरे.

"नाही," रादेक.

"अजिबात नाही!" सासूबाई, आणि सगळ्यांत मोठ्याने. आणि तुम्हाला सांगते, त्या खोटं बोलत नव्हत्या हो! त्यांच्या लेखी खाद्य म्हणजे पोत्यातून येतं ते. पाव म्हणजे पाव!

"काही चिकट? ओलं? राय वगैरे?" डॉक्टर सोडेनात. "राय कोंबडीच्या पोटात खळीसारखी होते. शेडमधला, कोंबड्यांखालचा भुसाही चिखल झालाय."

इथे मी मान पुढे काढून खाली पाहिलं. कारण भुशातून डॉक्टरांच्या बुटाला चिकटून एक तुकडा आला होता. कडेचा. जाड, काळा, आणि त्यावर अर्धा क्रूस. माझ्या वडिलांच्या सुरीचा! मी तो ओळखणार नाही? मी रादेककडे पाहिलं. त्यानेही पाहिला होता! आणि हा माणूस माझ्या कानात काय म्हणतो? "लुत्सा, आईला वाईट वाटेल."

आईला वाईट वाटेल! आणि बाराशेंना?

"हे बघा," डॉक्टरांनी पेन काढलं, "औषध आज पाण्यात घालावंच लागेल, नाहीतर शनिवारपर्यंत शेड रिकामी. पण कारण सापडलं नाही तर आठ दिवसांनी मी पुन्हा इथेच."

"औषध नाही!" सासरे आडवे आले. "चार वर्षं! मी लसूण वाढवतो!"

"वाढवा, आणि खड्डाही खणून ठेवा."

"घरात नवीन काहीतरी आलंय, त्याचाच हा..." सासूबाई पुटपुटल्या. माझ्याकडे बघून नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघून. आणि कोठीघरात अजून दोन पोती पाव! उद्या पहाटे पुन्हा टब, पुन्हा बादल्या! बोलले तर सासूबाईंची अब्रू, शिवाय माझ्याच बापाचा पाव. नाही बोलले तर शेड, सासऱ्यांची चार वर्षं, आणि जन्मभर जूनमध्ये मोजे...

आता तुमचा जीव टांगणीला नको म्हणून पुढचं आधी सांगते. सासऱ्यांनी सही केली. औषध गेलं, स्टिकरही गेला, या खेपेच्या कोंबड्या साध्या म्हणून विकल्या जाणार. आज फक्त तीन मेल्या. सासूबाई रात्री जेवल्या नाहीत, सकाळी मात्र "टाकायचा होता का मग? पाव? टाकायचा?" असं चढ्या आवाजात विचारत सुरी घेऊन पाव कापायला बसल्या. उरलेली दोन पोती आता आम्ही खातोय. सकाळी पावाचं सूप, दुपारी तळलेला पाव, संध्याकाळी सूप. डॉक्टर म्हणाले, माणसाला चालतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी व्हरांड्यात डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलेलं. मी वाकले, डॉक्टरांच्या बुटाला चिकटलेला तो तुकडा सोडवला, सवयीने ओठांकडे नेला आणि वेळेवर थांबले. पाटावर ठेवला, क्रूस वर करून. आणि दहा दिवसांत पहिल्यांदा, अगदी हळू, अगदी आदराने, बोलले:

"आईंचं बरोबर आहे, डॉक्टरसाहेब. मी आल्यापासूनच मरतायत. माझ्याबरोबर ऐंशी पाव आले होते. ते कुठे गेले, तेवढं मात्र आईंनाच विचारा."