न पाहिलेला तंग

सन्माननीय अध्यक्ष हणमंतराव साहेब, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण आज नारायणगुड्यात जमलो ते घोडेस्वारीचे उस्ताद श्री. तातेराव, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी सौ. मनकर्णाबाई आणि बंधुभगिनींनो,

मला दहा मिनिटे दिली आहेत. पाण्याचा पेला मात्र माझ्याजवळच राहू द्या. गेले तीन महिने आपल्यापैकी कोण स्वस्थ बसले आहे? राज्याचे तीन तुकडे होणार, कोणाचे नाव कुठल्या यादीत, सुलतान बाजारात भाजी घेतानाही दुसरा विषय नाही. एक नोव्हेंबरला तातेराव मुंबई राज्याचे होतील, औरंगाबादला जातील. मी प्रभाकर, चार पिढ्यांचा इथलाच, इथेच राहणार. तरी झोप माझीच उडाली आहे.

तहसीलदारीच्या परीक्षेत घोडेस्वारी असते हे घरच्या मुलांना खरे वाटत नाही. आम्ही वकिली शिकलेले, घोडा फक्त टांग्याला जुंपलेला पाहिलेला. तातेरावांनी आम्हाला चढायला शिकवले. डाव्या बाजूने जायचे, लगाम आणि आयाळ एका मुठीत, डावा पाय रिकिबीत, पण बुटाचे टोक घोड्याच्या पोटात खुपसायचे नाही. उतरण्यावर तर त्यांचा भारी कटाक्ष. "साब, दोनो पावां रिकाब में से निकालो, बाद में उतरो. एक पांव अटक्या तो घोडा रुकताच नै."

आणि सगळ्याच्या आधी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा. घोडा मोठा लबाड. पट्टा कसताना पोट फुगवतो, चार पावले चालवला की श्वास सोडतो, आणि पट्टा सैल! म्हणून बसणाऱ्याने स्वतः वाकून तो पुन्हा बघायचा. आमच्यातले किती जण वाकत होते? हात वर करू नका, मला माहीत आहे. इस्त्रीच्या कपड्यांनिशी घोड्याच्या पोटाखाली हात घालणे हे घोडा राखणाऱ्या मोतद्दाराचे काम, असे आम्ही धरून चालायचो.

एक्कावन्न साली माझी परीक्षा. तातेराव म्हणाले, "साब, तंग फिर से देख लेव." मी म्हणालो, "देख लिया." पाहिला नव्हता. घोडा दुडकीवर आला आणि खोगीर फिरले. मी खाली, पाय रिकिबीत. तातेराव धावत येऊन लगामाला लटकले नसते, तर माझ्याविषयीची भाषणे तेव्हाच झाली असती. हसा, हरकत नाही. त्यांचा खांदा मात्र त्या दिवशी निखळला. मनकर्णाबाई सांगतात, अजून दुखतो.

अध्यक्षमहाराज, आपली चिठ्ठी मिळाली. आटोपतो.

चौकशीत विचारले, तंग शेवटी कोणी पाहिला? मी लिहून दिले, उस्तादांनी. मला पुन्हा परीक्षेला बसू दिले. त्यांच्या सर्व्हिस बुकात 'निष्काळजी' असा शेरा पडला आणि हातातोंडाशी आलेली जमादारीची बढती गेली. त्यानंतर पाच वर्षे हा माणूस मला रोज सलाम करत आला. मला त्या सलामाची फार लाज वाटते.

औरंगाबादला उस्तादाची जागा रिकामी आहे. पण हा शेरा तिथे पोचला, तर यांना कोणी शिकवायला उभे करणार नाही, तबेल्यात दाणावैरण करायला लावतील. सर्व्हिस बुकांचे गठ्ठे मंगळवारी तिकडे निघताहेत.

तातेराव, उठू नका. बसा. "जाने देव साब" म्हणू नका, पाच वर्षे तुम्ही जाऊच दिलेत.

साहेब, आपल्यासमोरच्या हाराच्या तबकाशेजारी लिफाफा आहे. त्यात माझा खरा जबाब आहे, सहीनिशी. माझ्या नोकरीचे व्हायचे ते होवो. गठ्ठा बांधण्याआधी तेवढा शेरा आपल्या सहीने काढा, एवढीच विनंती.

समारंभ घडवून आणणारी मंडळी, सकाळपासून चिवड्याच्या परातींशी झटणाऱ्या भगिनी आणि माझी ही चुळबुळ सोसणारे आपण सर्व, यांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल, तर आपण मोठ्या मनाने सोडून द्याल. लिहून देण्यात जे झाले, त्याची माफी, तातेराव, मी तुमच्याकडे मागतो. लगेच देऊ नका. आधी साहेबांची सही होऊ द्या.