साडूच्या लाल गाडीवर उडालेला रंग

मंडळी, ऐका! आज एकच विचारतो. दुसऱ्याच्या घरी आनंद झाला, की आपल्या पोटात का दुखतं हो? जेवला तो, आणि अजीर्ण आपल्याला! — मागची रांग जास्त हसतेय. औषध तिथंच लागणार!

तर विट्याला एक वसंता पेंटर होता. वीस वर्षं गॅरेजात लोकांच्या गाड्या रंगवल्या. हात असा, की ठोकून रंगवलेला दरवाजा कोणता, हे मालकालाही ओळखू येऊ नये! आणि स्वतःकडे काय? एक स्कूटर. तीही चार लाथा खाल्ल्याशिवाय बोलत नसे!

अष्टमीच्या सकाळी त्याच्या दारात गाडी थांबली. नवी कोरी, लालभडक! उतरला कोण? धाकटा साडू, उमाकांत. म्हणाला, "साडूभाऊ, उद्यापर्यंत इथंच राहू दे." किल्ली खिशात टाकली आणि चालत घरी गेला.

झालं! वसंताचा जीव जळायला लागला. 'मिरवतोय! ह्याच्या गल्लीत जागा नाही? माझ्याच दारात, माझ्या बायकोच्या डोळ्यांपुढं?' त्यात बायको, सुलोचना, म्हणाली, "अहो, आमच्या धाकट्या बहिणीनं, कुसुमनं नशीब काढलं!" — आता काय बोलायची गरज होती का? पण बोलली!

दसऱ्याआधी फाटक रंगवायचं होतंच. वसंतानं कंप्रेसर लावला, रंग फवारायच्या गनमध्ये चांदी रंग भरला. वारा फाटकाकडून गाडीकडे. पेंटरला वारा सांगावा लागतो का मंडळी? कालचा शिकाऊसुद्धा आधी शेजारची गाडी झाकतो! घरात ताडपत्री होती. वसंतानं तिच्याकडे बघितलं — आणि गनचा चाप ओढला.

रंगाचा धूर उडाला, लाल पत्र्यावर जाऊन बसला. लांबून धूळच वाटावी. 'घे, मिरव आता!' वसंता मनात म्हणाला.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. हत्यारांची पूजा! आणि एकदा पूजा झाली, की दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. पाटावर पाने-पकडी, हातोडी, मधोमध ती गन. तिच्या तोंडाला अजून चांदी रंग! तेवढ्यात उमाकांत आला, कुसुमला घेऊन. धूळ बसली असेल म्हणून गाडीकडे नीट बघितलंही नाही. किल्ली काढली आणि पाटावर गनशेजारी ठेवली.

"साडूभाऊ, मला वडील नाहीत. थोरलं माणूस तुम्हीच. पहिलं कुंकू तुमच्या हातचं लागावं, म्हणून काल गाडी तुमच्या दारी आणली."

वसंताच्या बोटावर कुंकू तसंच राहिलं. लावायचं कशाला? त्या गनला?

"थांबा," तो म्हणाला. "गाडीवर माझा रंग उडालाय. वारा कळत होता मला. ताडपत्रीही होती. जळलो मी तुमच्यावर!"

उमाकांत बाहेर गेला. पत्र्यावरून हात फिरवला. खरखरीत! परत आला, किल्ली उचलली, खिशात घातली. कुसुम तोंडाला पदर लावून रडायला लागली.

वसंतानं पूजा थांबवली. गाडी धुतली. साबणाचं पाणी मारलं आणि क्ले घेतला — मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा असतो तो, पत्र्यावर बसलेला रंगाचा कण चिकटवून उचलतो. हलक्या हातानं, सरळ सरळ फिरवायचा. रागानं घासलं, तर ओरखडा! गोळा मळला, की दुमडून स्वच्छ बाजू वर काढायची. मग हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून पत्रा चाचपायचा. नुसत्या बोटांना न लागणारा कण पिशवीतून बरोबर लागतो! ऊन डोक्यावर आलं, पाठ मोडली, तरी वसंता थांबला नाही.

शेवटी त्यानं ती पिशवी उमाकांतपुढं धरली. "बघा तुम्ही."

उमाकांतनं हात घातला. बॉनेटपासून डिकीपर्यंत फिरवला, सावकाश. मग आत गेला आणि किल्ली पाटावर ठेवली.

संपलं आख्यान? छे! पूजा झाली, गाडी कालच्याहून जास्त झळकतेय, गल्ली जमलीय, जो तो उमाकांतची पाठ थोपटतोय. आणि वसंताच्या पोटात — खोटं कशाला सांगू? — पुन्हा कळ आली! मग केलं काय? त्यानं ती पिशवी फेकली नाही. घडी घातली, खिशात ठेवली.

मंडळी, प्रसाद घेऊन घरी जाल. साडू, जाऊ, सख्खा भाऊ, ज्याचं बरं चाललंय त्याचं नाव घ्या, आणि छातीवरून हात फिरवा. खरखर लागली, तर हलक्या हातानं काढा. निघाली म्हणून निजू नका. वारा रोज सुटतो — आणि ताडपत्री, बाबांनो, आपल्याच घरात आहे!