आप्पांचा पासवर्ड

आमच्या आप्पांचं ऐकलं का? शाहूपुरीतलं दुकान बंद करून ते घरी बसले, तेव्हा मी त्यांच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड सांभाळणारं अ‍ॅप टाकलं आणि ब्राउझरमध्ये त्याचं एक्स्टेन्शन जोडलं. अ‍ॅप उघडलं की एक्स्टेन्शन त्यातला पासवर्ड घेऊन बँकेच्या, वीजबिलाच्या साइटवर आपोआप भरतं. लक्षात ठेवायचा फक्त अ‍ॅपचा मुख्य पासवर्ड. आप्पांनी ठेवला, 'शांते च्या ठेव'. दुकानातनं आले की दारातनंच आईला चहासाठी ही हाक मारायचे.

पण आप्पा टाइप करतात ते मोठ्यानं म्हणत. आणि थोडा वेळ हात लावला नाही की अ‍ॅपला परत कुलूप. परत पासवर्ड, परत हाक. आई प्रत्येक वेळी खरंच चहा टाकायची.

शेवटी मी म्हटलं, "आप्पा, नुसतं बोट टेकवून उघडंल असं करून देतो. सगळ्या गल्लीला पासवर्ड कळलाय की!"

आप्पांच्या आधी आईच बोलली. "काय नको. दुकान होतं तवा रोज हाक यायची. आता दिवसभर समोरच असत्यात. समोरच्या माणसाला कोण हाक मारतंय?"